स्क्रीनवर आय९, आत आय५

ज्यांनी कुणाकडून तरी हॅकिंटॉश, म्हणजे पीसीचे भाग जोडून केलेला 'मॅक', बनवून घेतलाय आणि ज्यांचं मशीन पहिल्या दिवसापासून मंद चालतंय, त्यांनी कृपा करून हे शेवटपर्यंत वाचा. माझं दीड वर्ष, बरेच पैसे आणि एका सबंध सीझनची झोप यात गेली. तुमची जाऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. काम फायनल कट या ॲपलच्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर शिकले, हात त्यावरच बसलाय आणि फायनल कट तेव्हा मॅकशिवाय कुठे चालत नव्हतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये जुना आयमॅक अगदीच टेकीला आला, म्हणून नवीन मशीन घ्यायचं ठरवलं. एम१ चा (ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचा) मॅक मिनी तेव्हा ६४,९०० रुपयांपासून मिळत होता. पण त्यात रॅम ८ जीबी, पुढे वाढवता येत नाही आणि माझे प्लगइन त्यावर चालतील का, याची धास्ती. आमच्या व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपमधून पुण्यातल्या एका असेंबलरचा नंबर मिळाला. तो म्हणाला, "ताई, एम१ च्या नादी लागू नका, तुमचे निम्मे प्लगइन बंद पडतील. आय९ टाकून हॅकिंटॉश बनवून देतो, पाच वर्षं बघायला नको." आय९ हा इंटेलचा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर, आय५ त्याच्या खालचा.

हॅकिंटॉश म्हणजे साध्या पीसीच्या सुट्या भागांवर मॅकओएस बसवलेलं मशीन. ओपनकोअर नावाचा बूटलोडर (मशीन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) मॅकओएसला भासवतो की आपण खऱ्या मॅकवरच आहोत. ॲपलच्या परवान्यात मॅकओएस फक्त ॲपलच्याच कॉम्प्युटरवर बसवायची अट आहे. ती मला माहीत होती आणि तरी मी मशीन घेतलं. ही गोष्ट लपवत नाही, कारण पुढे त्या असेंबलरने माझ्याविरुद्ध वापरली ती हीच.

व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं: इंटेल कोअर आय९-१०९००, ३२ जीबी रॅम, बी४६० मदरबोर्ड, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, एकूण १,०८,००० रुपये. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्क्या बिलावर अठरा टक्के जीएसटी लागेल, कशाला उगाच?" मी कच्च्या कागदावर तयार झाले. मशीन घ्यायला पुण्याला गेले, तेव्हा त्याने 'अबाउट धिस मॅक' उघडून दाखवलं. स्वच्छ अक्षरात आय९-१०९०० लिहिलेलं होतं. टेबलावर आय९ चा निळा खोकाही ठेवला होता. तो मात्र मला दिला नाही. "वॉरंटीसाठी आमच्याकडेच ठेवतो," म्हणाला. कूलरच्या स्क्रूवर वॉरंटीचा स्टिकर होता आणि बायोसला, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगच्या पानांना, पासवर्ड. "चुकून एखादं सेटिंग हललं तर मॅक उठणारच नाही, ताई." मला ती काळजी वाटली. आज तिन्ही गोष्टी एका ओळीत मांडल्या की अंगावर काटा येतो: खोका नाही, कूलर उघडायचा नाही, बायोस बघायचं नाही. प्रोसेसरचं खरं नाव दिसण्याच्या सगळ्या जागा त्याने बंद केल्या होत्या.

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. तीन कॅमेऱ्यांची फोरके टाइमलाइन अडखळायची, एक्सपोर्टला रात्र जायची. इंटेल पॉवर गॅजेट नावाचं छोटं ॲप होतं (इंटेलने ते आता बंद केलंय), प्रोसेसर कुठल्या वेगाने चालतोय ते आलेखावर दाखवायचं. माझा आलेख २.९ गिगाहर्ट्झवर सपाट. मशीन रिकामं असो की एक्सपोर्ट चालू असो, रेघ हलायची नाही.

हा हॅकिंटॉशमधला खराखुरा, जुना आणि नेहमीचा दोष आहे. इंटेलचा प्रोसेसर काम नसताना ८०० मेगाहर्ट्‌झपर्यंत खाली येतो आणि काम आलं की टर्बोने वर जातो. ही चढउतार मॅकओएसमधला एक भाग सांभाळतो. माझ्याकडच्या बिग सर या मॅकओएसमध्ये तो भाग जागा व्हायला प्रोसेसरच्या पहिल्या कोअरपाशी (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग) 'प्लगइन-टाइप' नावाची खूण असावी लागते. खऱ्या मॅकमध्ये ती असतेच. पीसीच्या बोर्डवर नसते, म्हणून एसएसडीटी-प्लग नावाची छोटी फाइल ओपनकोअरमध्ये टाकावी लागते. ती नसेल तर प्रोसेसर एकाच वेगावर अडकून बसतो. दुसरी गोष्ट सीएफजी लॉक, म्हणजे बोर्डने प्रोसेसरच्या पॉवर मॅनेजमेंटवर घातलेलं कुलूप. तो बायोसमध्ये उघडावा लागतो किंवा ओपनकोअरमध्ये त्याची सोय करावी लागते. दोन्ही कामं मशीन बांधतानाच करायची असतात.

मी असेंबलरला फोन केला. तो म्हणाला, "पॉवर मॅनेजमेंटचं ॲडव्हान्स सेटिंग आहे, वेगळा चार्ज पडेल." साडेतीन हजार पाठवले. एनीडेस्क या लांबून कॉम्प्युटरचा ताबा देणाऱ्या ॲपवरून येऊन त्याने वीस मिनिटांत ते केलं आणि आलेख खरंच नाचायला लागला. रिकाम्या वेळी ०.८, एक्सपोर्टला ४.०. एक्सपोर्टचा वेळ कमी झाला. मी त्याचे मनापासून आभार मानले. एवढंच नाही, आमच्या लाइनमधल्या दोघांना त्याचा नंबरही दिला. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्याची खरी हातोटी इथे होती. मशीनमध्ये एक खरा दोष होता आणि तो दुरुस्त झालेला मी डोळ्यांनी पाहिला. त्यामुळे त्यानंतर जे काही मंद वाटलं, ते हॅकिंटॉशचंच काहीतरी असणार असं मी धरून चालले. प्रोसेसरच दुसरा असेल ही शंका मनाला शिवलीसुद्धा नाही.

काही महिन्यांत पुन्हा तेच. यावेळी तो म्हणाला, रॅम कमी पडतेय. नऊ हजार देऊन ३२ ची ६४ केली. फरक शून्य. मग उन्हाळा आला म्हणून उष्णतेवर खापर, मग मॅकओएसच्या अपडेटवर. दरवेळी कारण ऐकायला पटण्यासारखं असायचं. अशी कारणं खरोखरच असतात, म्हणून तर ती पटायची.

२०२३ च्या फेब्रुवारीत कोल्हापूरचा एक एडिटर मित्र एका मोठ्या लग्नाचं काम वाटून घ्यायला आला. त्याच्याकडेही आय९-१०९०० च आहे. एकच टाइमलाइन, एकच ग्राफिक्स कार्ड, तरी माझ्या मशीनला त्याच्यापेक्षा जवळजवळ दीडपट वेळ लागला. तो काही बोलला नाही. ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडलं, विंडो मेनूतून सीपीयू हिस्टरी लावली. छोटे छोटे चौकोन उघडले, एकेका थ्रेडला एक (या प्रोसेसरांत प्रत्येक कोअर एका वेळी दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, चालवतो). त्याने पेनाच्या टोकाने स्क्रीनवर मोजायला सुरुवात केली. बाराला थांबला. परत मोजले. बाराच. "वीस पाहिजेत गं," तो म्हणाला. "दहा कोअर, वीस थ्रेड."

मग आज्ञा टाइप करायची टर्मिनलची खिडकी उघडून त्याने सिसकंट्रोल (sysctl) या आज्ञेच्या एकेका ओळीने थेट प्रोसेसरला विचारलं. कोअर किती? ६. थ्रेड किती? १२. तिसऱ्या पातळीचा कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) किती? १२५८२९१२, म्हणजे बरोबर १२ एमबी. आय९-१०९०० चा २० एमबी असतो. शेवटी ब्रँड स्ट्रिंग विचारली आणि पडद्यावर आलं: इंटेल कोअर आय५-१०४००, २.९० गिगाहर्ट्‌झ.

मग 'अबाउट धिस मॅक'मध्ये आय९ कुठून आलं? त्याने डिस्कवरचा ईएफआय नावाचा लपलेला भाग उघडून ओपनकोअरची कॉन्फिग फाइल दाखवली. रिस्ट्रिक्ट इव्हेंट्स नावाच्या एक्स्टेन्शनमध्ये प्रोसेसरचं नाव हाताने टाकायची सोय असते. ती मुळात प्रामाणिक कामासाठी केलेली आहे. ॲपलने ज्या प्रोसेसरचे मॅक कधी काढलेच नाहीत, त्यांचं नाव नीट दिसावं, एवढाच हेतू. त्या जागी आय९-१०९०० असं टाइप केलेलं होतं. कुणीतरी की-बोर्डवर बसून, एकेक अक्षर.

आणि पुरावा दीड वर्ष माझ्या डोळ्यांसमोरच होता. त्याच ओळीत नावाच्या आधी २.९ गिगाहर्ट्‌झ असं दिसायचं. आय९-१०९०० चा मूळ वेग २.८ असतो. २.९ हा आय५-१०४०० चा आकडा आहे. नाव त्याने बदललं, आकडा बदलायचा राहिला. टर्बोचंही तसंच. आय५ जास्तीत जास्त ४.३ पर्यंत जातो, आय९ ५.२ पर्यंत. पॉवर गॅजेटमध्ये मी ४.३ च्या वर रेघ कधीच पाहिली नव्हती. पाहिली नव्हती, पण पाहायला हवी हेही माहीत नव्हतं.

तरीही आम्ही घाई केली नाही. मशीन बंद करून बोर्डवरचा बटणासारखा सेल काढला, थोड्या वेळाने परत बसवला. बायोसचा पासवर्ड गेला. (त्याबरोबर बायोसची सगळी सेटिंगही जातात, म्हणून हे करताना माहीतगार माणूस शेजारी असू द्या.) पहिल्याच पानावर आय५. मग स्टिकर फाडून कूलर काढला. कूलर आणि प्रोसेसरमधली वाळलेली पेस्ट कापसाने पुसत गेले तसतशी धातूवरची अक्षरं वर आली. आधी इंटेल, मग कोअर, मग आय५. त्याचा फोटो काढताना माझा हात थरथरत होता. मला तेव्हा मिळालेल्या कोटेशनांवरून या दोन प्रोसेसरांच्या किमतीत वीस हजारांच्या आसपास फरक होता. माझ्यासाठी ते एका लग्नाचं काम आहे.

त्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुम्हीच बदलला असेल, स्टिकर फाडलाय. कॉन्फिग फाइलचा स्क्रीनशॉट पाठवल्यावर सूर बदलला: "तक्रार कुठे करणार ताई? मशीनच बेकायदेशीर आहे. ॲपलला कळलं तर तुम्हीच अडकाल." चार दिवस मी गप्प बसले. खरंच घाबरले होते.

पाचव्या दिवशी एका वकील मैत्रिणीने समजावलं. मॅकओएसचा परवाना हा माझा आणि ॲपलचा विषय आहे. आय९ सांगून आय५ विकणं ही त्याने केलेली फसवणूक आहे, आणि एकामुळे दुसरी माफ होत नाही. त्याचा दुसरा मुद्दा होता की मशीन धंद्यासाठी घेतलंय, म्हणून मी ग्राहक ठरत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'तून वगळलेली आहे. माझ्यासारख्या घरी बसून एकटीने एडिटिंग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तक्रारीची मुदत साधारणपणे दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नसल्याचा फटका बसलाच, पण व्हॉट्सॲपवरचं कोटेशन आणि पैसे पाठवल्याची बँकेतली नोंद कामाला आली. तक्रार क्रमांक त्याला पाठवला आणि आयोगात जाणार असल्याचं कळवलं, तेव्हा त्याने अठरा हजार परत केले. रॅमचे नऊ आणि सेटिंगचे साडेतीन हजार दिले नाहीत.

कुणाचं मशीन मंद आहे म्हणून लगेच असेंबलरवर आरोप करू नका. पंखा अडकलेला असतो, पेस्ट वाळलेली असते, बोर्ड वीज मर्यादेत ठेवतो म्हणून अस्सल आय९ सुद्धा लांबलचक एक्सपोर्टमध्ये खाली उतरतो. वेग शंभर कारणांनी कमी होतो. कोअर मात्र आपोआप कमी होत नाहीत, कॅश कमी होत नाही. म्हणून सेटिंगवर एक रुपया घालवण्याआधी चौकोन मोजा आणि टर्मिनलमध्ये विचारा. आणि नवीन मशीन घेत असाल तर प्रोसेसर तुमच्यासमोर खोक्यातून काढून बोर्डवर बसवायला सांगा, खोका घरी आणा. खोक्यावरचा बॅच नंबर प्रोसेसरच्या धातूवरही कोरलेला असतो. कूलर बसण्याआधी दोन्हींचा एकत्र फोटो घ्या. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलू दे.

ज्या दोघांना मी त्याचा नंबर दिला होता, त्यांना त्याच आठवड्यात फोन केले. एकाने मशीन घेतलंच नव्हतं. दुसरा कराडचा, फोटोस्टुडिओवाला. मी त्याला ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडायला सांगितलं आणि मोज म्हटलं. फोनवर तो मोठ्याने मोजत होता. नऊ, दहा, अकरा, बारा. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"ताई, अजून खाली असतील का?" त्याने विचारलं.

त्याची तक्रार आम्ही दोघांनी मिळून लिहिली. बिल त्याच्याकडेही नाही, पण चॅट त्याने पुसलेली नाही.