अलेप्पीची हाऊसबोट: एकवीस तासांचं भाडं, सहा तासांची सफर

ऑक्टोबर छाटणीच्या आधी द्राक्षबागेला जरा सवड असते, म्हणून ऑगस्टात निघालो. नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेसने केरळात एर्नाकुलम, तिथून पुढे अलेप्पी. सोबत बायको आणि आई. दोन खोल्यांची बोट, जेवणासकट चौदा हजार. पावसाळ्यात भाव उतरलेले असतात.

बोट दुपारी बाराला ताब्यात मिळते, सकाळी नऊला सोडायची. पण संध्याकाळी साडेपाचला सगळ्या बोटी काठाला बांधतात, कारण मग मच्छीमार जाळी टाकतात. जेवायलाही तासभर थांबतात. एसी फक्त रात्री नऊ ते सहा. एजंटाने यातलं काहीच सांगितलं नव्हतं, आणि फोटोतली बोटही ही नव्हेच. रात्री शेजारच्या बोटीचा जनरेटर धडधडत होता, आमच्या मळ्यात थ्री फेज आली की मोटारी सुरू होतात तसा. आई म्हणाली, "एवढे पैसे मोजून झोपायचंच होतं, तर घरी काय वाईट होतं?"

पण कुट्टनाड बघून माझे पैसे वसूल झाले. तिथलं भात समुद्रसपाटीच्याही खाली पिकतं. बोटीतून बघावं तर पाणी वर आणि शेत खाली, मधे एवढासा बांध. आपण पाण्यासाठी शेततळी खोदतो, आणि हे लोक पेरणीआधी शेतातलं पाणी पंपाने उपसून बाहेर टाकतात! मोटार किती एचपीची, हे मी बोटवाल्याला तीनदा विचारलं. त्याने हसून चहा आणून दिला. या बोटी मुळात भात वाहायच्याच. जुन्या पद्धतीत फळ्यांना खिळा मारत नाहीत, काथ्याने शिवतात.

वेंबनाड तलावाच्या कडेला पानवेली इतक्या, की क्षणभर गोदावरीच वाटली.

जेवण चांगलं. आईचा श्रावण, त्यामुळे तिला अवियल, थोरन या तिकडच्या भाज्या आणि जाड लाल भात. भाजी खोबरेल तेलात आहे म्हटल्यावर, "डोक्याला लावायचं ते?" म्हणून तिने ठेच्याची बरणी काढली. मी मात्र केळीच्या पानात भाजलेल्या करीमीन माशापुढे श्रावण मोडला. बायकोने दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी तासाच्या भाड्याने शिकारा घेतला, तो खरा आनंद. मोठी बोट जात नाही अशा अरुंद कालव्यांतून तो फिरतो. दारातल्या पायऱ्यांवर बाया भांडी घासत होत्या, गणवेशातली पोरं बोटीची वाट बघत उभी होती, जशी आपल्याकडे एसटीची.

पुन्हा गेलो तर दिवसा शिकारा, रात्री काठावरच्या घरात मुक्काम, आणि कोट्टायमला जाणारी सरकारी प्रवासी बोट. तिचं तिकीट अगदी किरकोळ आहे. हाऊसबोटच हवी असेल तर धक्क्यावर जाऊन, बोट डोळ्यांनी बघून मगच पैसे द्या. आणि ओडोमॉस विसरू नका.