लाल चकतीचा टायमर: साडेसात महिन्यांनंतर

जूनमध्ये शाळा सुरू होताना घेतला, आता जानेवारी संपत आलाय. दोनदा ओट्यावरून पडलाय, पुढचं प्लास्टिक तडकलंय, तरी चालतो.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचं, निदान त्याआधीच्या दिवाळीनंतर झालं. डॉक्टरांनी आमच्याइतकंच वर्गशिक्षिकांनाही विचारलं. लक्षणं एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, नुसत्या घरच्या दंग्यावर निदान होत नाही. सासूबाई म्हणाल्या, "याचा बाप तरी वेगळा कुठे होता? दर पावसाळ्यात दोन छत्र्या हरवायचा." मी हसले. मग वाचलं, की जुळ्यांवरच्या अभ्यासांत अनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघालाय. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

"पाच मिनिटांत आटप" हे वाक्य आमच्या घरात रोज वीसदा व्हायचं आणि त्याला त्याचा काही अर्थच लागायचा नाही. या टायमरवर मिनिटांएवढी लाल चकती उघडते आणि वेळ सरेल तशी आक्रसत जाते. आकडे वाचावे लागत नाहीत. मूळ 'टाइम टायमर' जॅन रॉजर्स या अमेरिकन आईने १९९४ मध्ये स्वतःच्या लेकीसाठी केला. तो आम्हाला महाग पडत होता, म्हणून तसाच दिसणारा घ्यायचं ठरवलं. क्रॉफर्ड मार्केटमध्ये विचारलं तर अंड्याच्या आकाराचे किचन टायमर दाखवले. शेवटी ऑनलाइन साडेसहाशेला मागवला. तो टिकटिक करायचा. पोरगा गणित सोडून त्याला कान लावून बसला! परत पाठवला आणि अडीचशे जास्त देऊन बिनआवाजाचा घेतला. घेताना हे एवढं नक्की बघा.

पहिले तीन आठवडे मी तो चुकीचा वापरला. "लाल संपायच्या आत झालं पाहिजे हं!" म्हणून चकती मी फिरवायची. शुद्धलेखन आणखी बिघडलं, खोडरबराने वहीचं पान फाटलं. एका संध्याकाळी तोच म्हणाला, "आई, लाल संपलं की तू ओरडतेस, म्हणून मी लालकडेच बघत बसतो."

तेव्हापासून चकती तोच फिरवतो आणि लाल संपलं की काम थांबतं. भागाकार अर्धा असला तरी. बारा मिनिटं गृहपाठ, पाच मिनिटं गॅलरीत उड्या, पुन्हा बारा. अर्धवट भागाकार बघून माझाच हात शिवशिवतो, पण कधीतरी हे संपणार आहे हे डोळ्यांना दिसतं म्हणून तो बसतो तरी. पूर्वी दीड तास चालणारा रडारडीचा गृहपाठ आता बहुतेक दिवशी पाऊण तासात उरकतो. सकाळी नळाला पाणी असेपर्यंत आंघोळ उरकायची, तिथेही उपयोग होतो. मोरीच्या बाहेर स्टुलावर ठेवतो.

नवलाई मात्र दीड-दोन महिन्यांत ओसरली. ऑगस्टपर्यंत तो भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा झाला, असून नसल्यासारखा. आठवडाभर कपाटात ठेवून पुन्हा काढला, की थोडे दिवस चालतो. गणपतीत तर नादच सोडला. लालबागच्या चाळीत राहून त्या दिवसांत बारा मिनिटं एका जागी कोण बसतंय, मी तरी बसते का?

दप्तराचा प्रश्न याने सुटत नाही. एका दमात तीन गोष्टी सांगितल्या की तिसरी त्याच्या डोक्यातून गळते, तिथे घड्याळ काय करणार? त्यासाठी दाराशी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, डबा, बाटली आणि डायरीचे फोटो चिकटवलेत. डबा-बाटली आता जाते. डायरी शाळेत जाते, परत येत नाही.

टायमर म्हणजे उपचार नव्हे. आमचं समुपदेशन वेगळं चालू आहे आणि औषधाचं डॉक्टर बघतात.

सेल दोन-तीन महिने जातो. मागच्या बटणाने बीप बंद होतं. आमच्याकडे बंदच असतं, कारण शेजारी तान्हं बाळ आहे. मोबाइलवर असाच टायमर फुकट मिळतो म्हणून आधी तोही वापरून पाहिला होता. दोन दिवस बरा चालला. तिसऱ्या दिवशी टायमर चालू होता आणि त्याच स्क्रीनवर क्रिकेटची मॅचही.