‘द वॉल’चा प्रयोग घरी पाहायचा तर कोणते चित्रण घ्यावे?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७९ मधील ‘द वॉल’ या अल्बमचा रंगमंचावरील प्रयोग घरच्या पडद्यावर पाहायचा असेल, तर निवड मुख्यतः दोन चित्रणांमध्ये करावी लागते: बँडचे माजी गीतकार आणि बासवादक रॉजर वॉटर्स यांनी २१ जुलै १९९० रोजी बर्लिनमध्ये केलेला प्रयोग, आणि त्यांच्याच २०१०–१३ च्या दौऱ्यावर आधारलेला, २०१५ मध्ये ब्लू-रेवर आलेला चित्रपट. (बँडने स्वतः १९८०–८१ मध्ये केलेल्या अवघ्या ३१ प्रयोगांचे संपूर्ण चित्रण अधिकृतपणे विक्रीस आलेले नाही, ही चाहत्यांची जुनी हळहळ.)

नेपथ्याची कल्पना दोन्हीकडे एकच आहे. पूर्वार्धात गाणी चालू असतानाच कामगार पांढऱ्या विटा रचत जातात, मध्यंतरापर्यंत वादक भिंतीआड दिसेनासे होतात आणि अखेरीस भिंत कोसळते. त्यामुळे कलाकारच झाकून टाकणारा हा प्रयोग कॅमेऱ्याने कसा टिपला आहे, यावरच निवड करावी, असे माझे मत आहे.

बर्लिनच्या चित्रणाचे खरे बळ त्याच्या जागेत आहे. बर्लिनची भिंत खुली होऊन जेमतेम आठ महिने झाले होते आणि पॉट्सडॅमर प्लाट्झ या चौकाच्या ज्या ओसाड पट्ट्यात कालपर्यंत पहारे होते, तिथे सुमारे १७० मीटर लांब आणि २५ मीटर उंच अशी दुसरी भिंत पाडण्यासाठीच उभारली गेली. मात्र हा पसारा जुन्या टीव्हीच्या चौकोनी चौकटीत मावत नाही. शिवाय गाण्यागणिक नवा पाहुणा येत असल्यामुळे, एका माणसाने स्वतःभोवती भिंत बांधल्याची ही गोष्ट अधूनमधून गौरव समारंभासारखी वाटू लागते. प्रयोगात वीज गेल्याने काही भाग रंगीत तालमीच्या चित्रणातून घ्यावा लागला आहे, तेही चाणाक्ष प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. याला एक ठळक अपवाद आहे. त्या माणसावरील खटल्याच्या प्रवेशात टिम करी, उटे लेम्पर, मारियान फेथफुल आणि अल्बर्ट फिनी अशी रंगभूमीवर मुरलेली मंडळी एकेक भूमिका घेऊन उभी राहतात आणि पंधरा-वीस मिनिटांपूर्वी विस्कळीत वाटलेला प्रयोग अस्सल नाटक होतो.

दौऱ्यावरील चित्रपटात, जो वॉटर्स आणि शॉन इव्हान्स यांनी दिग्दर्शित केला आहे, हीच भिंत निव्वळ अडसर राहत नाही. वीटन् वीट प्रक्षेपणाचा पडदा झालेली असते आणि युद्धांत व हिंसाचारात मारल्या गेलेल्यांची छायाचित्रे त्या विटांवर उमटतात. ‘कम्फर्टेबली नम्ब’मध्ये गिटारवादक भिंतीच्या माथ्यावर वाजवत असताना वॉटर्स पळत येऊन भिंतीवर मुठी आपटतात आणि राखाडी विटांमधून एकदम रंग उसळतात; कॅमेरा इतका योग्य अंतरावर आहे की माणसाचा लहानपणा आणि भिंतीचा अजस्रपणा एकाच दृष्टिक्षेपात भरतो. चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज ऐकवणाऱ्या डॉल्बी ॲटमॉस ध्वनिमुद्रणामुळे प्रयोगातले विमान खरोखरच डोक्यावरून गेल्याचा भास होतो; अर्थात त्यासाठी घरी तशी ध्वनियंत्रणा हवी.

या चित्रपटाचा दोष म्हणजे गाण्यांच्या मध्ये पेरलेला मोटारप्रवास. १९४४ मध्ये आंझिओच्या लढाईत मरण पावलेल्या वडिलांच्या स्मारकाकडे वॉटर्स निघाले आहेत, हा धागा पहिल्यांदा पाहताना मनाला भिडतो, परंतु दुसऱ्या खेपेस प्रयोगाची लय तुटल्याची चुटपुट लागते आणि हात नकळत रिमोटकडे जातो.

शेवटाबाबतही फरक आहे. बर्लिनमध्ये सारे पाहुणे एकत्र येऊन ‘द टाइड इज टर्निंग’ गातात, तर दौऱ्यात पडलेल्या विटांसमोर बँड साध्या वाद्यांसह रांगेत उभा राहतो आणि वॉटर्स ट्रम्पेट वाजवतात. नाट्यदृष्ट्या मला हा दुसरा शेवट अधिक पटतो.

एकच घ्यायचे असल्यास ब्लू-रे घ्यावा. बर्लिनची डीव्हीडी इतिहासात रस असणाऱ्याने नंतर जोडावी. परदेशातून मागवताना प्रदेश-संकेत मात्र तपासावा, कारण भारत ब्लू-रेच्या ‘सी’ विभागात येतो आणि अमेरिकेसाठीच्या ‘ए’ विभागापुरती मर्यादित असलेली तबकडी आपल्या प्लेअरवर चालत नाही.