पीटर मर्फी: १९८६ ची रेकॉर्ड घ्यावी की १९८९ ची?

शहापुरात आमच्या शेजारचा पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत त्याला एकच रेकॉर्ड मागवायची आहे. गल्लीत दिसला की एकच विचारतो, "दादा, पीटर मर्फीची कुठली घेऊ सांग की." त्याच्या मनात पहिली भरली आहे, १९८६ ची 'शुड द वर्ल्ड फेल टू फॉल अपार्ट'. बाउहाउस या इंग्लिश रॉक बँडचा गायक पहिल्यांदा एकटा गातोय म्हटल्यावर सुरुवात तिथूनच करावी असं वाटणारच. मीही तीच आधी घेतली होती, आणि हिरमुसलो होतो. म्हणून त्याला १९८९ ची 'डीप' घे म्हणून सांगतोय.

ही निराशा कळायला आधी बाउहाउस कानात असायला हवा. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनला १९७८ साली हे चौघे जमले. पुढच्याच वर्षी आलेलं 'बेला लुगोसीज डेड' हे गाणं नऊ मिनिटांच्या वर चालतं, आणि पहिली जवळजवळ तीन मिनिटं मर्फी तोंडच उघडत नाही. ड्रमवर केव्हिन हॅस्किन्सच्या काठीची टकटक एकोमध्ये घुमत राहते, त्याचा भाऊ डेव्हिड जे याचा बेस एकेक पायरी खाली उतरतो, आणि डॅनियल अ‍ॅशची गिटार लांब कुठेतरी पत्रा खरवडावा तशी ऐकू येते. एवढी जागा मोकळी ठेवल्यावर तो खोल आवाज आत येतो. अंगावर काटा येतो, आजही.

१९८३ ला हे सगळं मोडलं. शेवटच्या अल्बमच्या वेळी मर्फी न्यूमोनियाने आजारी होता, त्यामुळे काही गाणी इतरांनीच गायली होती. पुढे मर्फीने जपान या बँडच्या मिक कार्नबरोबर 'डॅलीज कार' नावाने १९८४ ला एक अल्बम केला, तीही जोडी टिकली नाही. उरलेले तिघे 'लव्ह अँड रॉकेट्स' या नावाने १९८५ लाच नवा अल्बम घेऊन उभे राहिले. मर्फीचा एकट्याचा पहिला अल्बम त्यानंतर वर्षभराने आला.

आवाज तोच आहे, खोटं कशाला बोलू. खर्जात उतरताना अजून तसाच जड, तसाच रुंद. पण भोवती मोकळी जागाच उरलेली नाही. कीबोर्डचे थर एकावर एक चढवलेत, ठोके यंत्रासारखे एकसारखे पडतात, आणि गाणाऱ्याला कुठे थांबावं ते सुचत नसावं असं वाटतं. जिथे आधीचे तिघे गप्प बसले असते तिथे इथे काही ना काही वाजतच राहतं. शीर्षकगीत चांगलं आहे, त्याला चाल आहे. बाकी स्वतःची बरीच गाणी सुरू होतात आणि कुठे न पोचता संपतात.

आणखी एक गोष्ट मला खरोखर लागली. अल्बमवरची सगळ्यात जिवंत दोन गाणी दुसऱ्यांची आहेत. 'फायनल सोल्यूशन' हे अमेरिकेतल्या पेरे उबू या बँडचं १९७६ चं गाणं, आणि 'द लाइट पोअर्स आउट ऑफ मी' मँचेस्टरच्या मॅगझिन नावाच्या बँडचं, १९७८ चं. मर्फी दोन्ही झकास गातो. पण पहिल्या अल्बमची आठवण उसन्या गाण्यांनी राहावी, याचं वाईट वाटतं.

खानापूर तालुक्यात माझे एक काका भजनाला गातात. गावच्या मंडळात ते अभंग उचलतात तेव्हा पखवाजवाला हात आवरतो, टाळ बारीक होतात, आणि मग त्यांचा आवाज देवळाच्या खांबांना लागून परत येतो. एकदा बेळगावात एका कार्यक्रमाला त्यांना एकट्यालाच बोलावलं होतं. साथीला ऑर्गन आणि ऑक्टोपॅड. काका तेच, अभंग तोच, घसाही चांगला लागलेला. तरी गाणं बसलं नाही. परतताना एसटीत ते एवढंच म्हणाले, "मला थांबायला जागाच मिळाली नाही बघ." १९८६ ची ती रेकॉर्ड लावली की मला ते वाक्य आठवतं.

'डीप'वर मर्फीला ती जागा मिळाली. 'हंड्रेड मेन' हा ठरलेला संच पाठीशी, गाणी रचायला पॉल स्टॅथमसारखा जोडीदार, आणि निर्मिती सायमन रॉजर्सची. 'कट्स यू अप'मध्ये व्हायोलिनसारखी एक ओळ पुन्हा पुन्हा येते, आणि ती आली की मर्फी बाजूला होतो. १९९० मध्ये हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या मॉडर्न रॉक यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. 'अ स्ट्रेंज काइंड ऑफ लव्ह'मध्ये तर जवळजवळ गिटारच्या तारा आणि गळा, एवढंच. तेवढ्यात तो आवाज केवढा मोठा होतो ते ऐकाच.

खोट काढायची तर 'डीप' फार गुळगुळीत आहे. बाउहाउसची ती खरखर हवी असेल तर ती इथे फारशी मिळणार नाही. मधली १९८८ ची 'लव्ह हिस्टेरिया' बरी आहे, पण पैसे एकाच रेकॉर्डपुरते असतील तर ती मागे राहू दे.

पहिली रेकॉर्ड घ्यावी कुणी? ज्याच्याकडे बाउहाउसचं सगळं आधीच आहे आणि साथ सुटल्यावर गळ्याचं काय होतं ते ज्याला ऐकायचंय, त्याने जरूर घ्यावी. बाकीच्यांनी ती दोन उसनी गाणी मोबाइलवर ऐकावीत, आणि लगेच त्यांची मूळ रूपंही.

गेल्या रविवारी पाऊस धो धो कोसळत होता, तेव्हा पोराला घरी बोलावून दोन्ही लावून दाखवल्या. पहिलीच्या वेळी त्याची बोटं मांडीवर बेस वाजवत होती, तिसऱ्या गाण्याला थांबली. 'डीप'ची पहिली बाजू संपली तेव्हा वीज गेली. तो अंधारात तसाच बसून राहिला, बोटं चालूच.