क्राउन लिकर सलून, बेलफास्ट: जपलेला आणि नांदता पब

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, युरोपा हॉटेलच्या समोर असलेल्या या पबमध्ये शिरताना आधी पायाखाली पाहावे. उंबऱ्याशीच मोझेकमध्ये राजमुकुट जडवलेला आहे. पबला 'क्राउन' हे नाव हवे होते मालकिणीला. आयरिश बाण्याच्या मालकाने ते मान्य केले, पण ब्रिटिश राजसत्तेचे चिन्ह असलेला हा मुकुट येणाऱ्याजाणाऱ्याने तुडवावा म्हणून तो जमिनीवर बसवला, अशी आख्यायिका इथे आवडीने सांगतात.

मूळच्या साध्या 'रेल्वे टॅव्हर्न'चे रूप पॅट्रिक फ्लॅनागन यांनी 1885 मध्ये पालटले. चर्चच्या कामासाठी आयर्लंडमध्ये आलेल्या इटालियन कारागिरांनी फावल्या वेळात हे काम केले, असे म्हणतात; आणि रंगीत काचा, नक्षीदार लाद्या, लाल ग्रॅनाइटचा देवघरासारखा सजवलेला बार पाहिला की ते सहज पटते.

पुढे उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाच्या ('ट्रबल्स') काळात समोरच्या हॉटेलवर तीसपेक्षा जास्त वेळा बॉम्बहल्ले झाले आणि त्यांची झळ या काचांनाही बसली. कवी जॉन बेचमन यांच्या आग्रहावरून ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 1978 मध्ये ही वास्तू विकत घेतली. सुमारे 4 लाख पौंड खर्चाचा जीर्णोद्धार 1981 मध्ये पूर्ण झाला आणि 2007 मध्ये पुन्हा सुमारे 5 लाख पौंड खर्च करून डागडुजी झाली.

या जीर्णोद्धाराचे मला सर्वांत मोठे कौतुक वाटते ते त्यातल्या संयमाचे. पबचे संग्रहालय झालेले नाही, की जुनेपण घासूनपुसून नाहीसे केलेले नाही. चारचौघांच्या नजरेआड बसू इच्छिणाऱ्यांसाठी केलेले, 'ए' ते 'जे' अशी अक्षरे असलेले दहा लाकडी कप्पे आजही गिऱ्हाइकांसाठी खुले आहेत. आम्ही त्यांतल्या एका कप्प्यात बसलो. दार ओढून घेताच बाहेरचा गलबला एकदम दबला. भिंतीवर काडी ओढण्यासाठी लावलेली धातूची छोटी पट्टी आहे, तिच्यावरून बोट फिरवले तेव्हा तिचा खरखरीतपणा स्पष्ट जाणवला. वाढप्याला बोलावण्याची घंटीही इथलीच, आणि वर गॅसच्या दिव्यांचा पिवळसर उजेड.

आयरिश स्ट्यू आणि काळी स्टाउट बियर घ्यावी. चव साधी, पण या जागेला शोभणारी आहे. संध्याकाळी कप्पा मिळणे कठीण असते, म्हणून दुपारीच जावे. त्या वेळी खिडक्यांच्या काचांतून येणारा रंगीत प्रकाशही निवांतपणे पाहता येतो.