वॉक-इन शॉवर करून घेतला, त्या मिस्त्रींच्या कामाचा रिव्ह्यू (कोथरूड, पुणे)

आधी मार्क देऊन टाकतो, ५ पैकी साडेचार, आणि तो अर्धासुद्धा मिस्त्रींचा नाही तर काचवाल्याचा कापलाय, ते खाली येईलच. नव्वदच्या दशकातली चार मजली बिल्डिंग, तिसरा मजला, ५ बाय ८ फुटांचं बाथरूम, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दारातला उंबरा ओलांडायचा आणि मग मोरीच्या कठड्यावरून परत पाय उचलायचा हे बंद करायचं होतं. गरज एवढीच. पण शोरूममध्ये गेलं की सगळं काचेपासून सुरू होतं, मग छतातला मोठा रेन शॉवर, मग काळ्या मॅट फिनिशचे नळ, आणि कोटेशन हातात आलं की सगळा पैसा डोळ्याला दिसणाऱ्या वस्तूंवर आणि वॉटरप्रूफिंगला एक ओळ, ‘लम्पसम’. आमच्या मिस्त्रींचं कोटेशन बरोब्बर उलटं होतं, जवळजवळ सगळं पान टाइलच्या खाली काय काय होणार त्याचं, आणि शेवटी नळ-शॉवर-काच तुम्ही आणा मी बसवतो. काम त्यांना द्यायचं ते तिथेच ठरलं. वॉक-इन शॉवरमध्ये कठडा नसतो म्हणजे पाणी अडवायला काही नसतं, ते फक्त उतारावर आणि खालच्या कोटिंगवर चालतं, तिथे कोणी हात आखडता घेत असेल तर वरची काच कितीही भारी असू दे.

मिस्त्री पहिल्यांदा आले तेव्हा टेप काढायच्या आधी त्यांनी आईला विचारलं, मावशी तुम्ही अंघोळ कशी करता, उभ्याने की बसून, बादली लागते का. हा प्रश्न तोपर्यंत आम्हाला एकाही शोरूममध्ये कोणी विचारला नव्हता. आईने सांगितलं बादली आणि तांब्या लागणारच, शॉवरखाली अंघोळ केल्यासारखं वाटत नाही. मग त्यांनी प्लॅनच बदलला, शॉवरच्या खाली बादली मावेल एवढ्या उंचीवर साधा नळ, त्याच्या शेजारी हँड शॉवर आणि वरचा शॉवर आम्हा बाकीच्यांसाठी. पुढे तोडफोड झाल्यावर, कच्च्या भिंती असतानाच, आईला आत खुर्चीवर बसवलं, उठायला लावलं, आपोआप हात कुठे जातो ते बघून खडूने भिंतीवर खुणा केल्या आणि तिथे ग्रॅब बार (धरून उठायचे दांडे) लागले. एक दारातून आत येताना, एक बसल्या जागेवरून उठताना, दोन्ही ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, मुठीत नीट मावतील असे. आमच्या भिंती विटांच्या आहेत त्यामुळे बार घट्ट बसले, पण नवीन बिल्डिंगमध्ये हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे साधा फिशर (भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग) आणि स्क्रू माणसाचं वजन धरत नाही, केमिकल अँकर म्हणजे भोकात चिकटद्रव्य भरून बसवलेला बोल्ट लागतो, हे पण त्यांनीच सांगितलं. बसायला भिंतीतला ओटा करायचा की फोल्डिंग सीट यावर बरीच चर्चा झाली, शेवटी सुटं, रबरी पायांचं स्टूल घेतलं, उंची साधारण दीड फूट, कारण जागा कमी आणि ओट्याचा कोपरा पायाला लागतो. मला हे पटलं.

आता खरं काम. जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली टाकलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. बरेच जण हा कोबा तसाच ठेवून जुन्या टाइलवर नवीन टाइल चिकटवायला सांगतात, स्वस्त पडतं, पण मग फ्लोअर वर येतो, उंबरा आणखी उंच करावा लागतो आणि खालचं गळणारं गळतंच. मिस्त्रींनी सगळा कोबा स्लॅबपर्यंत काढला. राडारोडा किती निघतो याचा अंदाज कुणालाच नसतो, आमच्या जिन्यात पोत्यांची रांग लागली होती, तर सोसायटीला आधी पत्र द्या आणि टेम्पोचं भाडं कोटेशनमध्ये आहे का ते विचारून घ्या. स्लॅब उघडा पडल्यावर खालच्या काकूंच्या छताला डाग कशामुळे होता तेही कळलं, जुन्या नहाणी ट्रॅपच्या (फ्लोअरचं पाणी जिथून जातं ते, आत पाणी साठवून वास अडवणारं भांडं) जॉइंटपाशी पाणी मुरत होतं. (सोसायट्यांच्या मॉडेल बाय-लॉजप्रमाणे टॉयलेट-सिंकमुळे होणारी आतली गळती ज्याच्या फ्लॅटची त्याच्या खर्चाने, त्यामुळे हे आज ना उद्या आम्हालाच करायचं होतं.)

मग स्लॅब धुऊन, भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे वाटा (कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर भराव) मारल्या, कोपऱ्यांना आणि पाइपभोवती जाळी लावून डॉ. फिक्सिटच्या पॉलिमरवाल्या कोटिंगचे दोन हात, पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. ट्रॅपचं तोंड बांधून पाणी भरून ठेवलं, पूर्ण ४८ तास, आणि पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलची रेघ. मधल्या वेळात मिस्त्री स्वतः खाली काकूंकडे जाऊन छत बघून आले, दोनदा, आम्ही न सांगता. टेस्ट पास झाल्यावर नवीन भराव, त्यावर उताराचा थर, आणि त्या थरावर परत कोटिंग, शॉवरच्या भिंतींवर तर ६ फुटांपर्यंत. हा दुसरा थर बरेच जण गाळतात. पण टाइलच्या फटीतून पाणी थोडं थोडं जातंच, ते भरावात उतरून साठू द्यायचं नसेल तर वरच अडवायला लागतं.

उतार त्यांनी एका मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर धरला आणि फक्त शॉवरपुरता नाही, कोरड्या बाजूलापण हलका उतार दिला. दारात उंबऱ्याऐवजी ग्रॅनाइटची तिरकी पट्टी, बाथरूमचा फ्लोअर बाहेरच्यापेक्षा जेमतेम अर्धा इंच खाली, आईचा वॉकर सरळ आत जातो. ड्रेन मध्यभागी चौकोनी ठेवायचा की भिंतीलगत लांब चॅनल, यात आम्ही चॅनल घेतला. मध्ये ड्रेन असला की चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो आणि टाइल तिरक्या कापाव्या लागतात, चॅनलला उतार एकाच दिशेला. पण चॅनलची जाळी उचलून आत हात घालता येतो का ते बघूनच घ्या, केस आणि दिवाळीतलं उटणं तिथेच जमतं. ट्रॅप नवीन, ५० मिमी पाणी उभं राहणारा, वास आणि झुरळं दोन्ही गायब.

टाइलबद्दल शोरूमवाल्यांवर मी नाराज आहे. आम्हाला एका ठिकाणी चकाचक ग्लॉसी टाइल ‘बाथरूमचीच आहे साहेब’ म्हणून दाखवली, फ्लोअरसाठी. बॉक्सवर आर १०, आर ११ असं असतं ते बुटांच्या पायाने केलेल्या टेस्टचं रेटिंग आहे, अनवाणी ओल्या पायासाठी ए, बी, सी असे वेगळे ग्रेड असतात आणि शॉवरला बी तरी हवा, पण हे दुकानात विचारलं तर बहुतेक जण फक्त अँटी-स्किड आहे एवढंच सांगतात. मिस्त्रींचा उपाय सोपा होता, टाइल जमिनीवर ठेवा, पाणी आणि थोडा साबण टाका, चप्पल काढून उभे राहा. आम्ही तर तेलाचा थेंबपण टाकून बघितला, कारण अभ्यंगस्नान ह्याच फ्लोअरवर होणार आहे. एक फूट बाय एक फुटाची खरखरीत मॅट घेतली, छोट्या टाइलला फटी जास्त म्हणून पकड चांगली. फटींमध्ये इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचं फटी भरायचं मिश्रण), रॉफचं, सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरंच महाग आहे आणि लावायला मजुरीपण जास्त, पण काळं पडत नाही, मी म्हणेन बाकी कुठेही वाचवा इथे नको.

पाइप सगळे सीपीव्हीसी (गरम पाणी चालणारं प्लास्टिक) टाकले, जुने लोखंडी आतून गंजून निम्मे बुजलेले निघाले. प्लास्टर करायच्या आधी पंप लावून प्रेशर टेस्ट झाली आणि मिस्त्रींनी मला मोबाइलवर फोटो काढायला लावले, शेजारी टेप धरून, म्हणजे उद्या कोणी ड्रिल मारताना पाइप कुठे आहे ते कळेल. प्रेशरचं गणित पण नीट समजावलं. टाकीतलं पाणी १० मीटर उंचीवर असेल तर साधारण १ बार (दाबाचं एकक) प्रेशर मिळतं, आमच्या गच्चीवरच्या टाकीपासून तिसऱ्या मजल्याच्या शॉवरपर्यंत ते जेमतेम ६-७ मीटर भरतं, मग १२ इंची रेन शॉवर घेऊन उपयोग काय, थेंब थेंब पडणार. आम्ही ८ इंची घेतला, व्यवस्थित चालतो, वरच्या मजल्यावरच्यांना मात्र पंपाशिवाय गत्यंतर नाही. डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा व्हॉल्व्ह) हिंदवेअरचा, त्याची भिंतीत जाणारी बॉडी टाइलच्या आधी लागते त्यामुळे नळांची खरेदी सगळ्यात आधी उरका. गिझरच्या लाइनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), याबद्दल जास्त बोलायला नको, लावाच.

आता काच. टफन्ड काच (तापवून मजबूत केलेली) एकदा भाजली की कापता येत नाही, भोकसुद्धा पाडता येत नाही, म्हणून माप टाइल लागल्यानंतरच घ्यायचं आणि मग थांबायचं, हे मान्य. पण काचवाल्याने आधी माप चुकवलं, मग फोन उचलणं बंद केलं, मग आला तो शिक्का नसलेली काच घेऊन. आयएस २५५३ चा (सेफ्टी काचेच्या भारतीय मानकाचा) मार्क मागितला तर म्हणे साहेब सगळीकडे हीच जाते. परत पाठवली. शेवटी मिस्त्रींनी ओळखीच्या दुसऱ्याकडून १० मिमीची, मार्क असलेली आणवली, तोवर घरातले सगळे ताटकळलेले, आईची अंघोळ शेजारी. फक्त एक फिक्स पॅनल आहे, दार नाहीच. आत कोणी पडलं आणि दार आतल्या बाजूला उघडणारं असेल तर बाहेरून ढकलता येत नाही, मिस्त्रींचा त्याला पहिल्यापासून विरोध होता आणि मला तो शंभर टक्के योग्य वाटतो. थोडे शिंतोडे बाहेर येतात, कोरड्या बाजूला उतार असल्यामुळे पाणी निघून जातं. महापालिकेचं पाणी असताना काच साफ राहते, उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पांढरे डाग पडतात, रोज वायपर मारावा लागतो. बजेट कमी असेल तर काच सोडून द्या आणि चांगला पडदा लावा, शॉवर तेवढाच चालतो.

खर्च एकूण दोन लाखांच्या थोडा आत, त्यात निम्म्याहून जास्त तोडफोड, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग आणि मजुरी. पैसे टप्प्याटप्प्याने दिले, एक हप्ता पाण्याची टेस्ट पास झाल्यावरच, ही अट मिस्त्रींनी स्वतःहून लिहिली होती. वेळ सांगितला त्यापेक्षा जास्त लागला, आणि रोज संध्याकाळी पॅसेज झाडून जायचं कबूल करून त्यांच्या हाताखालची पोरं कधी कधी तशीच निघून जायची, एवढी तक्रार आहे.

दुसरं बाथरूमपण त्यांनाच द्यायचंय. तिथे आम्हाला कमोड समोरच्या भिंतीला हलवायचाय, ते येऊन बघून गेले आणि लगेच नाही म्हणाले, मैल्याच्या उभ्या लाइनपासून एवढं लांब नेलं तर ४ इंची पाइपला खालच्या खड्ड्यात पुरेसा उतार मिळत नाही, सारखं तुंबेल. शॉवर आणि बेसिनची अदलाबदल करून जागा निघते का ते कागदावर काढून आणतो म्हणालेत.