एकच संध्याकाळ असेल तर 'क्लूलेस' की 'टेन थिंग्ज'?

भाची यंदा अकरावीत गेली. सुट्टीत राहायला आली तेव्हा म्हणाली, "मामा, तुझ्या वेळचा एखादा कॉलेजवाल्या पोरांचा इंग्रजी पिक्चर दाखव ना." मला लगेच दोन नावं सुचली, १९९५चा 'क्लूलेस' आणि १९९९चा 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू'. दोन्ही मी केबलच्या दिवसांपासून बघत आलोय. एका शनिवारी एक, पुढच्या शनिवारी दुसरा असे दोन्ही तिच्यासोबत परत पाहिले. तुमच्याकडे एकच संध्याकाळ असेल, तर माझा हा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

दोघांची मुळं जुन्या साहित्यात आहेत. 'क्लूलेस'मध्ये जेन ऑस्टिनची 'एमा' बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत आलीय. 'टेन थिंग्ज'मध्ये शेक्सपिअरचं 'द टेमिंग ऑफ द श्रू' सिअ‍ॅटलच्या शाळेत. हे दुसरं कथानक आपल्याला तसं परकं नाही. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी एकोणिसाव्या शतकातच त्याची 'त्राटिका' करून मराठी रंगभूमीवर आणली होती. शिवाय सिनेमातली थोरली बहीण कॅट कुणाबरोबर फिरायला जाईपर्यंत धाकट्या बियांकानेही जायचं नाही, हा वडिलांचा नियम ऐकून भाची खळखळून हसली. थोरलीचं जमल्याशिवाय धाकटीचं बघायचं नाही, हे तिने घरात ऐकलेलं आहे.

पहिल्यांदा बघताना 'टेन थिंग्ज' जास्त आवडण्याची शक्यता आहे, हे मी मान्य करतो. पॅट्रिक झालेला हीथ लेजर मैदानाच्या पायऱ्यांवरून धावत गातो आणि शाळेचा बँड त्याला साथ देतो, तो प्रसंग आजही तितकाच ताजा वाटतो. कॅट झालेली ज्युलिया स्टाइल्स भर वर्गात कविता वाचता वाचता रडते, तिथे माझे डोळे दर वेळी भरून येतात. याही वेळी आले.

पण त्या कवितेनंतर जे येतं, तिथे माझी गाडी अडते.

पॅट्रिकने कॅटला फिरवावं म्हणून बियांकाच्या मागे लागलेला जोई त्याला पैसे देतो. सिनेमा, पॉपकॉर्न असा हिशोब मांडत ५० डॉलरवर सौदा ठरतो आणि पुढे दर वाढत जातो. कॅटला हे कळतं, ती कोसळते, आणि शेवटी पार्किंगमध्ये तिच्या गाडीत एक गिटार ठेवलेली असते. ती त्याच पैशांतून घेतलेली. दोन-चार गोड वाक्यं होतात, चुंबन होतं, संपलं. भाचीने विचारलं, "मामा, पण त्याने नीट माफी कुठे मागितली?" इतक्या वर्षांत मला जे खुपत होतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. कॅटसारखी पुस्तकं वाचणारी, कुणापुढे न झुकणारी मुलगी एवढ्यावर मानते हे मला पटत नाही. तुम्हाला कदाचित खुपणार नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना नाही खुपत. पण एकदा दिसलं की दर वेळी दिसतं, आणि मग ती सुंदर कवितासुद्धा थोडी उणी वाटायला लागते.

'क्लूलेस'ची नायिका चेर सुरुवातीला लाडावलेली वाटते. कपडे, खरेदी, दुसऱ्यांच्या जोड्या जुळवणं, यातच ती रमलेली. पण चूक लक्षात आल्यावर ती काय करते ते बघा. पिस्मो बीचच्या आपत्तीग्रस्तांसाठी मदत गोळा करायचं काम अंगावर घेते आणि स्वतःच्या घरातल्या वस्तू काढून देते. आधी जिला आपल्या मनासारखं घडवायला निघाली होती, त्या टाय नावाच्या मैत्रिणीशी बोलते, आणि दोघी एकमेकींची माफी मागतात. मला तो छोटासा प्रसंग गिटारपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

हा सिनेमा जुना होत नाही यामागे मला विचारपूर्वक केलेलं कामही दिसतं. त्या काळी अमेरिकेतली शाळकरी पोरं ढगळ चेक्सचे शर्ट घालत होती. दिग्दर्शिका एमी हेकरलिंग आणि वेशभूषाकार मोना मे यांनी ती फॅशन बाजूला ठेवून चेरला स्वतःचं एक वेगळंच जग दिलं. म्हणून तो पिवळा चौकड्यांचा सूट आजही कुणी घातला की ओळखू येतो. दोन मैत्रिणी शाळेत मोबाइलवर एकमेकींशीच बोलत येतात आणि समोरासमोर भेटतात, हा १९९५ साली विनोद होता. भाचीला त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही, कारण त्या दोघी तिला अगदी ओळखीच्या वाटल्या.

'क्लूलेस'मध्येही एक खटकणारी गोष्ट आहे, ती लपवत नाही. चेर ज्याच्या प्रेमात पडते तो जॉश म्हणजे तिच्या वडिलांच्या आधीच्या एका बायकोचा मुलगा. रक्ताचं नातं नाही, लग्नही केव्हाच मोडलेलं. तरी भाचीने नाक मुरडलंच, आणि तो कॉलेजात, ही शाळेत, हेही तिला रुचलं नाही. मी नातं दोनदा समजावून सांगितलं, पण तिला फारसं पटलं नाही. मला मात्र पॉल रडने जॉशला इतकं साधं आणि चिडवणारं केलंय की ती जोडी खरी वाटते.

मुलं पंधरा-सोळाची असतील आणि त्यांना रडवणारी प्रेमकथा हवी असेल, तर 'टेन थिंग्ज' खुशाल लावा. बाकी कुणी विचारलं तर मी 'क्लूलेस' म्हणेन. भाची घरी परतल्यावर तिने मैत्रिणींना बोलावून परत पाहिला तोही 'क्लूलेस'च.